बाटलीत कोंडलेला धूर

सभागृहातल्या खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या. उशिरा आलेले भिंतीला टेकून उभे होते, त्यांच्याही नंतर आलेले खिडक्यांत चढून बसले होते, आणि जवळजवळ प्रत्येक जण खोकत होता. इतका खोकला एका छपराखाली विज्ञानाच्या बाईंनी कधी ऐकला नव्हता. परीक्षेत पोरं खोकतात, पण तो खोकला खाणाखुणांचा असतो. हा खरा होता.

व्यासपीठावर फुंकरबाबा. पांढरा झगा, पांढरी दाढी, कानाला अडकवलेला माईक. समोरच्या टेबलावर काचेच्या बाटल्यांची रांग आणि प्रत्येक बाटलीत अर्ध्यापर्यंत नितळ पाणी.

"किती वर्षं ओढताय?" बाबांनी पुढ्यातल्या माणसाला विचारलं.

"मिसरूड फुटल्यापासून."

"म्हणजे छातीत धुराचं गोदाम झालंय! भाडं कोण भरतंय? तुम्ही. मालक कोण? धूर!" सभागृह हसलं, मग खोकलं. बाबांनी दोन्ही होऊ दिलं. "डॉक्टर काय सांगतात? सोडा. अहो, आपण धरलेलं सोडता येतं. ज्यानं आपल्याला धरलंय ते कसं सोडणार? त्याला बाहेर काढावं लागतं. घ्या ही नळी. फुंका!"

माणसानं नळी तोंडात धरली आणि फुंकर मारली. पाण्यात बुडबुडे उठले. बघता बघता पाणी गढुळलं आणि मग दुधासारखं पांढरं झालं. सभागृहाचा श्वास अडकला. एक म्हातारी रडायलाच लागली.

"पाहा! इतक्या वर्षांचा धूर!" बाबांनी बाटली उंच धरली, बूच लावलं, त्यावर लाखेचं सील केलं आणि दक्षिणा घेऊन ती त्याच्या हातात दिली. "ही घरात डोळ्यांसमोर ठेवा. धूर आत कोंडलाय. पण एक जरी सिगारेट ओढलीत, तर बाटली तडकेल आणि धूर परत येईल. एकटा येणार नाही हं, चार पाहुणे घेऊन येईल!"

बाई भिंतीशी उभ्या होत्या. दिवसभर वर्गांवर उभं राहून त्यांचे पाय बोलत होते. हाच प्रयोग त्या दरवर्षी सातवीला दाखवत. चुन्याची निवळी घ्यायची, नळीनं फुंकर मारायची, श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं निवळी दुधाळ होते. पोरं जांभया देत बघायची आणि पेपरात बरोबर लिहायची. या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी शाळेत कधी ना कधी हे उत्तर लिहून मार्क घेतले असणार. पण मार्क हातात पडले की ज्ञान शाळेला परत करायचं असतं, अशीच बहुतेकांची समजूत दिसत होती.

त्या बोलणार होत्या. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात पुढच्या माणसानं नळी हातात घेतली, आणि तो माणूस म्हणजे त्यांचे वडील होते.

वडिलांना गावभर पॉलिशकाका म्हणत. फर्निचरच्या कारखान्यात लाखेचं पॉलिश करण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी हात फिरवलेल्या टेबलात माणसाला आपला चेहरा दिसायचा. छातीची मात्र पार चाळण झाली होती. जिन्याच्या वळणावर थांबून ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्याचं नाटक करायचे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की आता सिगारेट बंद झाली नाही तर पुढची गाठ ऑक्सिजनच्या नळीशी. सिगारेट सोडण्याची आणि परत धरण्याची त्यांची आवर्तनं इतकी झाली होती, की घरात आता "सोडली" म्हटल्यावर कुणी मान वर करून बघतही नसे.

त्यांनी फुंकर मारली. दम लागला, थांबले, पुन्हा मारली. पाणी पांढरं झालं. त्या पाण्याकडे बघताना त्यांचा चेहरा असा झाला, जशी कुणी वर्षानुवर्षांची दाढदुखी उपटून हातात दिली असावी. बाईंनी तोंड मिटलं. जाऊ दे, त्यांना वाटलं. निवळी तर निवळी. सुटत असेल तर सुटू दे.

बाटली घरी आली आणि दिवाणखान्यातल्या कपाटावर बसली.

आणि नवल म्हणजे, वडिलांनी खरंच ओढली नाही. नवल स्वस्तात झालं नाही. पहिले काही दिवस ते पिंजऱ्यातल्यासारखे या खोलीतून त्या खोलीत फिरत. भाजीत मीठ कमी म्हणून भांडले, मग जास्त म्हणून भांडले. तलफ आली की हाताची बोटं आपोआप शर्टाच्या खिशाकडे जायची आणि रिकामी परत यायची. मग ते बाटलीकडे एक चोरटी नजर टाकायचे, लगेच मान फिरवायचे, पेलाभर पाणी घेऊन घोटाघोटानं प्यायचे आणि एखादी चिंधी घेऊन घरातली खुर्ची पुसायला बसायचे. काही मिनिटांनी कपाळावरच्या आठ्या सुटायच्या. घरातल्या सगळ्या खुर्च्यांना त्या काळात जी झळाळी आली, ती विकत घेताना नव्हती.

आई त्या कपाटाच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. बाकीचं घर रोज पुसलं जायचं, कपाटावर मात्र धूळ साचली.

"आई, बाटली जास्तच पांढरी झाल्यासारखी वाटते गं," बाई एकदा म्हणाल्या.

"धूर मुरत असेल," आई भांड्यांकडे बघत म्हणाली, "तू नको लक्ष घालू."

घरापेक्षा कारखान्यातलं अवघड होतं. आत लाकडाचा भुसा, स्पिरिट आणि लाख, म्हणजे काडी ओढायचं नाव काढायला नको. मागच्या दाराबाहेर जमिनीवर पिवळी रेषा मारलेली होती. रेषेपलीकडे एक लाकडी बाक. तिथं ओढायची. मुकादम दिवसातून काही वेळा "पिवळी!" अशी हाक द्यायचा आणि ओढणारे उठून जायचे. न ओढणाऱ्यांनी हात चालू ठेवायचे, कारण त्यांना बाहेर काम काय? कारखान्यात बसायला मिळायचं ते फक्त धुरात. वर्षानुवर्षं हा रिवाज चालू होता आणि त्यात काही विचित्र आहे असं कुणाला वाटलंही नव्हतं. कितीतरी पोरं कामाला लागल्यावर ओढायला शिकली ती पाठ टेकावी म्हणून.

सिगारेट सुटल्यावर पॉलिशकाकांचं बसणंही सुटलं. "पिवळी!" हाक यायची, बाकीचे उठायचे, आणि काका उभ्यानं लाकूड घासत राहायचे. संध्याकाळी घरी यायचे ते भिजलेल्या पोत्यासारखे.

"सिगारेटची आठवण येते का हो अजून?" बाईंनी विचारलं.

"सिगारेटची कमी. बाकाची जास्त येते," वडील म्हणाले.

चार लोकांच्या बाटल्या फुटल्याच्या बातम्याही याच सुमारास आल्या. एकाची मांजरानं पाडली, दुसऱ्याची नातवानं. बाटली फुटली म्हणजे धूर परत आला, मग आता कुढत कशाला बसायचं, असा हिशेब करून ते त्याच दिवशी टपरीवर हजर झाले. आधीपेक्षा दुप्पट ओढायला लागले. पाहुणे घेऊन येणार म्हणून बाबांनी सांगितलंच होतं ना! बाईंना हे ऐकून गप्प बसवेना, आणि बोलायचं तर वडिलांचा चेहरा समोर यायचा. रोज सकाळी त्या हा विषय उद्यावर ढकलायच्या.

उद्या उगवला तो टेबलाच्या खणातून. बाई कात्री शोधत होत्या आणि हाताला वडिलांचा श्वासाचा पंप लागला. नवाच, न वापरलेला.

"हे काय? पंप घेत नाही तुम्ही?"

"बाबांनी बंद करायला सांगितलाय," वडील म्हणाले. "दुसऱ्या सभेला निर्मळ व्हायचं असतं. फुंकत राहायचं, पाणी आधी पांढरं होतं आणि मग पुन्हा नितळ. नितळ झालं की माणूस सुटला कायमचा. माझं गेल्या खेपेला झालं नाही. बाबा म्हणाले, पंपाच्या औषधानं धुराची वाट अडते. आणि श्रद्धा कमी पडते."

"बाकीच्यांचं झालं?"

"मुकादमाचं झालं. त्या बँडमधल्या कर्णेवाल्याचं तर चुटकीसरशी झालं." वडील जमिनीकडे बघत होते. "माझंच मन खोटं असेल गं. मला तर अजूनही येते ना तलफ."

बाईंनी पंपावरची धूळ पदरानं पुसली. राग आला तो आधी बाबाचा आला आणि मग स्वतःच्या गप्प बसण्याचा. निवळीत फुंकत राहिलं की ती पांढरी होते, आणि आणखी फुंकत राहिलं की तो पांढरा साका विरघळून पाणी पुन्हा नितळ होतं. हेही त्याच धड्यात, पुढच्या परिच्छेदात होतं. त्याला श्रद्धा लागत नाही, दम लागतो. कर्णा वाजवणाऱ्याची छाती असेल तर माणूस पुण्यवान, आणि छातीची चाळण झालेला पापी. आजारी माणसाला त्याच्या आजाराचीच शिक्षा, आणि वर औषध बंद!

पुढची सभा आली तेव्हा बाईंच्या पर्समध्ये सोड्याची एक मोठी बाटली होती. झाकणाला भोक पाडून त्यात एक लवचीक नळी घट्ट बसवली होती आणि नळीला चिमटा लावला होता. शेजारी बसलेल्या आईनं पर्समध्ये डोकावून पाहिलं.

"तहान लागेल म्हणून," बाई म्हणाल्या. आईचा विश्वास बसला नाही.

वडिलांचा नंबर आला. पेल्यात थोडंसं पाणी. ते फुंकू लागले. पाणी पांढरं झालं. त्यांनी पुन्हा फुंकलं, पुन्हा, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, ओठ निळसर दिसू लागले. मग खोकल्याची उबळ आली आणि नळी हातातून गळून पडली. पेला पांढराच होता.

"मनात काटा आहे काका," बाबा माईकमधून म्हणाले. "पुन्हा यावं लागेल. घरात कुणीतरी शंका घेतंय."

"मी घेतेय," बाई म्हणाल्या आणि व्यासपीठावर चढल्या. त्यांनी वडिलांना आधी खुर्चीवर बसवलं, पर्समधून पंप काढून त्यांच्या तोंडाला लावला, आणि मग पेला उचलला. "यांचं पाणी निर्मळ व्हायला हवं ना? एक मिनिट."

त्यांनी सोड्याची बाटली काढली, जोरात हलवली, नळीचं टोक त्याच पेल्यात बुडवलं आणि चिमटा सोडला. बुडबुड्यांचा नुसता धडाका उठला. सभागृह माना उंचावून बघत होतं. पांढरं पाणी पातळ झालं, मग धुरकट, आणि मग इतकं नितळ, की पेल्यातून पलीकडची बाबांची दाढी दिसू लागली.

"सोडा निर्मळ झाला!" खिडकीतून कुणीतरी ओरडलं.

"अजून आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरची नवी बाटली ओढली आणि सोड्याची नळी त्यात सोडली. पाणी पांढरंफटक झालं. "हा बघा सोड्याच्या छातीतला धूर. बाबा, या सोड्याला कधीपासूनचं व्यसन आहे हो?"

हशाचा लोट उठला. बाबांनी हात वर केले. "बाई, विज्ञान जिथं संपतं तिथून..."

"सातवीच्या पुस्तकात संपतं का ते?" बाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या. त्यांना ओरडायची ताकदही नव्हती, पण माईक बाबांच्या कानाला होता आणि त्या अगदी जवळ उभ्या होत्या, त्यामुळे शब्द न् शब्द शेवटच्या खिडकीपर्यंत गेला. "ही चुन्याची निवळी आहे. श्वासातल्या वायूनं ती पांढरी होते. मी जन्मात सिगारेट ओढली नाही, माझ्याही फुंकरीनं होईल. तान्ह्या बाळाच्याही होईल. सोड्यात तोच वायू असतो. जास्त फुंकलं की परत नितळ होते. ज्याचा दम टिकतो त्याची होते, आजारी माणसाची होत नाही. यात धूरही नाही आणि श्रद्धाही नाही."

बाबा बाटल्या पेटीत भरायला लागले. भरता भरता म्हणाले, की सोड्यातसुद्धा सूक्ष्म धूर असतो. यावर हसला नाही असा माणूस सापडला नसता. पण हशा ओसरला तसा मुकादम उठला, आणि तो हसत नव्हता.

"बाई, तुमचं काय जात होतं?" तो म्हणाला. "आमची सुटली होती. चुन्यानं म्हणा, नाहीतर कशानं. आता उद्या तलफ आली की आम्ही कुणाकडे बघायचं? तुमच्या सोड्याकडे?"

इतके दिवस बाई स्वतःला हाच प्रश्न विचारत होत्या. त्यांनी वळून पाहिलं, तर वडिलांची खुर्ची रिकामी होती.

ते सापडले कारखान्याच्या मागं, पिवळ्या रेषेपलीकडच्या बाकावर. सुट्टीचा दिवस, सगळं सामसूम. बोटांत सिगारेट होती, अजून न पेटवलेली. दुसऱ्या हातात काडेपेटी.

"बाबा," बाई म्हणाल्या.

"चुनाच होता ना," वडील शांतपणे म्हणाले. "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग सांगायचं नव्हतंस. पंप घ्या म्हणायचं, मी घेतला असता. बाटली राहू द्यायची होतीस." त्यांनी काडेपेटी उघडली. "दमलो गं मी. त्या बाटलीच्या धाकानं राहिलो इतके दिवस. आता धाकही नाही. माझ्या एकट्याच्या जिवावर नाही व्हायचं हे."

मागून धापा टाकत आई आली. तिनं काडेपेटी बघितली, सिगारेट बघितली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कुठल्या बाटलीच्या धाकानं?" आई म्हणाली. "ती बाटली आणलीत त्याच्या दुसऱ्याच दिवशी पुसायला मोरीत नेली आणि माझ्या हातून आडवी झाली. बूच उडालं, सगळं पाणी मोरीत गेलं."

वडिलांनी तिच्याकडे वळून विचारलं,

"मग कपाटावर आहे ते काय आहे?"

"नळाचं पाणी. आणि दात घासायची पांढरी पावडर." आई पुढं बोलतच राहिली. "मला वाटलं, यांना कळलं तर आत्ताच्या आत्ता टपरी गाठतील. रोज वाटायचं, आज कळेल. म्हणून कपाटाला हात लावत नव्हते. बुचावरची लाखसुद्धा तुमच्याच डब्यातली आहे. गॅसवर मऊ करून लावली."

पॉलिशकाकांनी काडेपेटी बाकावर ठेवली. हयात लाखेत गेलेला माणूस. नुसत्या वासावरून लाख जुनी की नवी हे सांगणारा.

"माझ्या डब्यातली लाख," ते म्हणाले, "आणि मी ओळखली नाही."

"कशी ओळखाल? कधी धड बघितलंत तिच्याकडे? नुसते घाबरून मान फिरवायचात."

"म्हणजे इतके दिवस मी घाबरत होतो ते..."

"दातांच्या पावडरीला," बाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. आईही हसली, मग डोळे पुसायला लागली. वडील हसता हसता खोकले, खोकता खोकता बाकावर वाकले. बाईंनी त्यांची पाठ चोळली.

"बाबा, बाटलीनं काही केलं नाही. आधीच्या चुन्यानं नाही आणि नंतरच्या पावडरीनंही नाही. मग कुणी केलं? तलफ आली की तुम्ही काय करायचात?"

"काय करणार? पाणी प्यायचो. खुर्ची घासायचो."

"आणि मग?"

वडिलांनी बोटांतल्या सिगारेटकडे पाहिलं. "चढते ती. वाटतं, आता जीव घेणार. पण हात कामात असला की थोड्या वेळानं आपोआप उतरते. प्रत्येक वेळी उतरली. मला वाटायचं, बाटली उतरवतेय."

हीच सगळी करामत होती. तलफ येते, चढते आणि काही मिनिटांत ओसरते, मंत्र म्हटला तरी आणि नाही म्हटला तरी. तेवढी मिनिटं माणूस दात-ओठ खाऊन काढतो, आणि श्रेय घ्यायला कुणीतरी पांढरा झगा घालून उभाच असतो. त्यात सगळ्यात वाईट फसवणूक पैशांची नाही. माणसाची स्वतःची ताकद काढून घेऊन तीच त्याला बाटलीत भरून देतात, आणि वर सांगतात, जपा हं, फुटेल. म्हणून अशी बाटली कुणी हातात दिली तर एवढंच करावं, तिच्याकडे नीट बघावं. आत काय आहे ते विचारावं, स्वतः न ओढणाऱ्याला फुंकायला लावावं, आणि औषध बंद करा म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नये. छातीचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील. तलफेचं आपल्यालाच करायचं आहे, आणि ते जमतं.

सिगारेट त्या संध्याकाळी पेटली नाही. वडिलांनी ती लगेच फेकलीही नाही, तसं लिहिलं तर खोटं होईल. ते ती बोटांत फिरवत बसले, घाम पुसत, आणि दोघी मायलेकी त्यांच्या दोन बाजूंना बसून राहिल्या. चढायचं ते चढलं, उतरायचं ते उतरलं. मग त्यांनी ती चुरगाळली, भुसा झाडावा तशी हातावरून झाडली, आणि घरी जाताना जिन्याच्या वळणावर कॅलेंडर न वाचता सरळ म्हणाले, "थांबा जरा, दम लागलाय."

दुसऱ्या दिवशी मुकादमानं "पिवळी!" अशी हाक दिली, तेव्हा पॉलिशकाका चिंधी खाली ठेवून सगळ्यांच्या आधी बाहेर गेले आणि बाकावर बसले.

मुकादम मागोमाग आला. काकांच्या हातात पाण्याचा पेला बघून त्याच्या भुवया वर गेल्या. "काका, ओढायची नसेल तर इथं काय काम?"

"काम नाही म्हणूनच आलोय. दमलोय, बसतो," काका म्हणाले. मग थोडे सरकले आणि बाकावर शेजारी हात आपटला. "तूही बस. आज न पेटवता बसून बघ. चढेल जरा, मी आहे इथं."

मुकादम काडेपेटी हातात धरून उभा राहिला. मग रेषा ओलांडून आला आणि बसला.